आधी हक्क, मग गवत, शेवटी झाड

राष्ट्रीय उद्यानाच्या मुलखात गावांच्या साथीनं जंगल सावरू पाहणाऱ्यांसाठी

जून उजाडला की वृक्षारोपणाचे मांडव पडतात. खड्डे आधीच खणलेले असतात, रोपं गाडीतून येतात, पाहुणे त्यांच्या मागोमाग. पुढच्या मार्चमध्ये त्यातलं काय उरलं हे पाहायला सहसा कोणी फिरकत नाही. एखाद्या शाळेच्या आवारात हे खपून जातं. पण ज्यांना नद्या, डोंगर, गावं, गुरं आणि वाघ यांच्यासकट शेकडो चौरस किलोमीटरचा मुलूख सावरायचा आहे, त्यांना हा रस्ता कुठंच नेत नाही.

एवढ्या मोठ्या मुलखात लावण्याचं काम थोडं आणि थांबवण्याचं जास्त असतं. वणवा थांबवायचा, तण थांबवायचं, अमर्याद चराई थांबवायची. यातल्या प्रत्येक गोष्टीमागं कोणाची तरी गरज असते, कोणाची सवय असते, कोणाची मजुरी असते. त्या माणसाशी आधी बोलणं झालं नाही तर तुमचं कुंपण आणि तुमची रोपं दोन उन्हाळेही काढत नाहीत. म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा: आधी लोकांच्या हक्कांचा निकाल, मग जंगलावरचा दाब कमी करणं, मग गवत आणि पाणी, आणि झाड सगळ्यात शेवटी.

तुम्ही वनपरिक्षेत्र अधिकारी असा, संस्थेचे कार्यकर्ते असा किंवा ग्रामसभेचे अध्यक्ष, हा क्रम सारखाच लागू पडतो. पुढची बहुतेक उदाहरणं मेळघाटातली आहेत, काही चंद्रपूर-गडचिरोलीतली.

मुलूख आधी पायाखाली घाला

मेळघाट हा १९७३-७४ मध्ये जाहीर झालेल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. गाभा क्षेत्र सुमारे १,५०० चौरस किलोमीटरचं, आणि त्याच्या पोटात सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचं गुगामल राष्ट्रीय उद्यान. सिपना, गाडगा, खंडू, खापरा, डोलार या नद्या इथून निघून तापीला मिळतात. म्हणजे इथल्या उतारावर गवत राहिलं की नाही, याचा हिशेब खाली तापीच्या काठावर लागतो. तुमचं क्षेत्र कोणतंही असो, हा पाण्याचा धागा आधी हातात धरा. बीट आणि कंपार्टमेंटच्या रेषा कारभारासाठी असतात. पाणी, आग, तण आणि जनावर त्या मानत नाहीत. नियोजन पाणलोटानुसार करा आणि मग ते बीटांमध्ये वाटा.

नकाशा उपग्रहाचा घ्या, पण तो घेऊन गावातल्या माणसांबरोबर शिवारफेरी करा. एकाच माणसाबरोबर नको. गुराख्याला गवत दिसतं, मोह वेचणाऱ्या बाईला झाड दिसतं, मासे धरणाऱ्याला डोह दिसतो, वनमजुराला आग कुठून उठते ते ठाऊक असतं. चौघांबरोबर चार वेगवेगळ्या फेऱ्या करा. एकदा मे महिन्यात आणि एकदा सप्टेंबरात, कारण मे महिना पाणी कुठं उरतं ते सांगतो आणि सप्टेंबर तण कुठं चढलंय ते. मेळघाटात कोरकू बोलणारा माणूस सोबत हवाच. मराठीत विचारलं तर म्हातारी माणसं मान डोलावतात. कोरकूत विचारलं तर वाद घालतात. तुम्हाला तो वादच हवा असतो.

फेरीत चार प्रश्न पुरतात. तुमच्या लहानपणी इथं काय होतं? हा नाला तेव्हा कुठल्या महिन्यापर्यंत वाहायचा? बिघाड कशानं सुरू झाला? आज या जागेवर कोणाचं पोट चालतं? उत्तरं जागेवरच नकाशावर उतरवा, आणि नावं गावाची ठेवा. ‘कंपार्टमेंट नंबर अमुक’ म्हटलं की सभेत कोणालाच कळत नाही. खोऱ्याचं, डोहाचं, खडकाचं गावातलं नाव घेतलं की सगळे बोलू लागतात.

फेऱ्या झाल्या की जमिनीचे तीन भाग पाडा. पहिला भाग, जिथं जिवंत खुंट आहेत आणि त्यांना फुटवे येतात. साग, धावडा, पळस ही झाडं खुंटावरून पुन्हा उठतात. तिथं फक्त आग आणि चराई रोखायची, खड्डा खणायचा नाही. दुसरा भाग, जिथं तण काढलं तर बाकीचं आपोआप येईल. तिसरा, जिथं माती इतकी धुपली आहे की हातानं काम केल्याशिवाय काही उगवणार नाही. पैसा साधारणपणे तिसऱ्या भागावर उधळला जातो, कारण तिथलं काम फोटोत दिसतं. क्षेत्रफळ मात्र पहिल्या दोन भागांत जास्त असतं, आणि तिथं खर्च कमी लागतो.

हक्काचा कागद पहिला

राष्ट्रीय उद्यान आहे म्हणजे लोकांचे हक्क संपले, असा समज अजून अनेक कार्यालयांत आहे. वनहक्क कायदा २००६ मध्ये वनजमिनीची जी व्याख्या आहे, तिच्यात अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानं स्पष्टपणे धरलेली आहेत. त्याच कायद्याच्या कलम ३(१)(झ) मध्ये सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन हा गावाचा हक्क म्हणून मान्य केला आहे. दावे तपासून निकाली निघेपर्यंत कोणालाही वनजमिनीवरून हटवता येत नाही. महत्त्वाच्या वन्यजीव अधिवासातून गाव हलवायचं असेल तर ग्रामसभेची मुक्त, माहितीपूर्ण आणि लेखी संमती लागते.

दुसऱ्या बाजूनं, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३५ नुसार राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला बंदी आहे, आणि अधिवासात कुठलंही काम करायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी आणि मंजूर आराखडा लागतो. दोन्ही कायदे सोबत घेऊन चालावं लागतं. गावाला एकच कायदा सांगणारा माणूस फार दिवस टिकत नाही.

व्यवहारात काय करायचं? आधी गावाची वनहक्क समिती जिवंत आहे का ते पाहा. तिच्यात १० ते १५ सदस्य, त्यांत किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. सामूहिक वनसंपत्तीचा दावा ‘नमुना क’ वर होतो. पुराव्यासाठी विदर्भात निस्तार पत्रक, म्हणजे जळण-चाऱ्यासारख्या गावाच्या वापराची जुनी सरकारी नोंद, फार कामी येतं. त्याला वडीलधाऱ्यांचे जबाब, जुनी देवस्थानं, गुरांच्या वाटा आणि पाणवठ्यांच्या खुणा जोडा. किमान दोन प्रकारचे पुरावे लागतात. शिवारफेरीत केलेला नकाशा इथं दुसऱ्यांदा उपयोगी पडतो.

हक्क मिळाल्यावर गाव काय करू शकतं, हे पाहायला लांब जायला नको. अचलपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या पायविहीर गावाला २०१२ मध्ये सुमारे १९२ हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाले. उजाड झालेल्या त्या जमिनीवर गावानं राखण केली, माती-पाण्याची कामं केली, सीताफळ आणि तेंदूतून उत्पन्न उभं केलं, आणि २०१४ मध्ये भारत जैवविविधता पुरस्कार मिळवला. ही जमीन राष्ट्रीय उद्यानाच्या बाहेरची आहे, आणि म्हणूनच ती उद्यानाच्या कामाची. काठावरच्या गावाला स्वतःच्या जंगलात जळण, चारा आणि पैसा मिळाला तर आतल्या जंगलावरचा हात आपोआप सैल होतो.

पुनर्वसन झालेल्या गावांचा हिशेब

मेळघाटच्या गाभा क्षेत्रातली अनेक गावं गेल्या दोन दशकांत बाहेर आली. त्यांच्या मोकळ्या झालेल्या शेतांवर आज गवताळ कुरणं उभी राहत आहेत, आणि हरणं, गवे तिथं येतात. तांत्रिकदृष्ट्या हे यश आहे. पण त्याची दुसरी बाजू लपवून कोणाला मार्गदर्शन करता येणार नाही. २०१९ च्या जानेवारीत अकोट-तेल्हारा भागात वसवलेल्या आठ गावांमधले लोक पुन्हा आपल्या जुन्या जागी, मेळघाटात परतले. जमीन, रोजगार आणि सोयींबद्दल दिलेले शब्द पाळले गेले नाहीत, ही त्यांची तक्रार होती. त्यांना बाहेर काढताना संघर्ष झाला आणि दोन्हीकडची माणसं जखमी झाली.

याचा धडा सरळ आहे. कुटुंबामागची मदत २००८ मध्ये १० लाख रुपये होती, २०२१ मध्ये ती १५ लाख झाली. पण रक्कम बँकेत जमा झाली म्हणजे पुनर्वसन झालं, असं होत नाही. तुमच्या मुलखात अशी गावं असतील तर कुरणाचा आराखडा करताना त्याच वहीत आणखी एक रकाना ठेवा: गावातल्या प्रत्येक कुटुंबाला शेतीची जमीन मिळाली का, सातबारा नावावर झाला का, अठरा वर्षांवरच्या मुलाचं स्वतंत्र कुटुंब धरलं गेलं का, रेशन कार्ड आणि जातीचा दाखला नव्या तालुक्यात चालतो का, पिण्याचं पाणी आलं का. हे तुमच्या खात्याचं काम नसेल. तरी त्याचा पाठपुरावा तुम्हीच करा. उठलेल्या गावाच्या शेतात वाढणारं गवत त्या कुटुंबांच्या नाराजीवर जास्त काळ उभं राहत नाही.

कुरणात कामाला मजूर घेताना पहिला मान त्याच गावाच्या तरुणांना द्या. कुठलं शेत कोणाचं होतं, कुठं ओल टिकते, कुठला बांध फुटतो, हे त्यांना तोंडपाठ असतं.

ग्रामसभा सहीसाठी नसते

अनेक प्रकल्पांत ग्रामसभा ही ठराव घेण्याची जागा असते. आराखडा आधीच छापलेला असतो आणि गावाला फक्त हात वर करायचे असतात. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं याच्या उलट वाट दाखवली. तिथं कोणताही मोठा विषय आधी अभ्यासगटात चर्चिला जातो आणि निर्णय बहुमतानं न घेता सर्वसहमतीनं होतो. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बहुमताच्या निर्णयात हरलेले लोक रात्री जंगलात जाऊन आपला निर्णय अमलात आणतात. एकमताला महिने लागतात, पण नंतर राखणदार कमी लागतात.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावची गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी. २०१२ मध्ये सुमारे १,००६ हेक्टरवर हक्क मिळाल्यावर गावानं बांबूवर उत्पन्न उभं केलं आणि तेंदूपत्ता तोडणं स्वतःहून थांबवलं, कारण त्यासाठी झुडपं छाटावी आणि आग लावावी लागते. जंगलाचा एक तुकडा त्यांनी कशालाही हात न लावता राखायचा ठरवला. बाहेरच्या कोणी ‘तेंदू बंद करा’ म्हटलं असतं तर आंदोलन झालं असतं. गावानं म्हटलं म्हणून नियम झाला.

सभेचे काही साधे नियम:

• वेळ गावाची घ्या. मेळघाटात दिवाळीनंतर निम्मं गाव कामासाठी बाहेर पडतं. होळीला सगळे परततात, पण होळीचे पाच दिवस सभा लावणारा माणूस शहाणा नव्हे.

• वनहक्क कायद्याच्या नियमांनुसार दाव्यांच्या ठरावाला ग्रामसभेचे निम्मे सदस्य हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. बाकीच्या सभांनाही हाच दंडक लावा. जळण, मोह, पाणी हे बायकांचे विषय. त्या गप्प बसल्या तर सभा झालीच नाही असं धरा.

• गावात गवळी, कोरकू, गोंड, निहाल अशा वेगवेगळ्या वस्त्या असतील तर प्रत्येकीशी आधी वेगळं बोला. गुरं जास्त असलेल्यांचं आणि गुरं नसलेल्यांचं हित एक नसतं.

• ठराव वाचून दाखवा, गावाच्या भाषेत. त्याची एक प्रत गावात राहू द्या.

• जे तुमच्या हातात नाही ते कबूल करू नका. ‘वर पाठवतो’ हे उत्तर चालतं. ‘होऊन जाईल’ हे चालत नाही.

आणि मजुरी. मेळघाटात दरवर्षी एकच मागणी असते: होळीच्या आधी रोजगार हमीचे पैसे हातात पडू द्या. एक वर्ष मजुरी रखडली की तीन वर्षांची बोलणी वाया जातात. काम मंजूर होण्याआधी पैसा कुठून, कधी आणि कोणाच्या सहीनं येणार हे ठरवा. शक्य असेल तर दोन महिन्यांची मजुरी भागेल इतकी गंगाजळी बाजूला ठेवा.

तण काढताना

उठलेल्या गावाच्या पडीक शेतात पहिल्या पावसात जे हिरवं दिसतं ते बहुधा तरोटा असतो. जुलैत त्याची कोवळी पानं भाजीसाठी खुडली जातात, आणि खुडू द्यावीत. ऑगस्टच्या शेवटी त्याला पिवळी फुलं येतात आणि मग लांब शेंगा लोंबू लागतात. शेंग पिकली की त्या शेतात पुढची कित्येक वर्षं तरोटाच. म्हणून उपटणी फुलं दिसताच, माती ओली असताना, मुळासकट करायची. पहिल्या वर्षी डोंगराएवढा ढीग होतो, दुसऱ्या वर्षी त्याहून कमी, तिसऱ्या वर्षी ठिपके उरतात. तीन पावसाळ्यांचा पैसा हाती नसेल तर सुरूच करू नका. एक वर्ष काढून सोडलेलं शेत पुन्हा जसंच्या तसं होतं.

घाणेरीचं गणित वेगळं. हे परदेशी झुडूप एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी देशात आणलं गेलं, आणि आज देशातल्या सुमारे दीड लाख चौरस किलोमीटर जंगलात घाणेरी पसरली आहे. ती वरून तोडली तर दुप्पट फुटते, जाळली तरी फुटते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी जी पद्धत बसवली, ती कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात वापरली गेली आणि इतरत्रही उपयोगी पडते. कुदळीनं झुडपाच्या बुडाशी माती बाजूला करून मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटीमीटरवर तोडायचं. फुटवा तिथूनच वर येतो, म्हणून तो भाग निघायला हवा. मग झुडूप उलटं करून, मुळं आकाशाकडं ठेवून सुकू द्यायचं, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. काम फळं पिकण्याआधी करायचं. आणि ज्या झाडांवर पक्षी बसतात त्यांच्या खाली पुढची दोन-तीन वर्षं नवी रोपं शोधून काढायची, कारण बी पक्ष्यांच्या विष्ठेतून पडतं.

दोन सूचना. एका दमात सगळा डोंगर साफ करू नका. घाणेरीच्या आडोशाला लहान प्राणी राहतात. तुकडे पाडून दोन-तीन वर्षांत काढा. आणि मोकळी झालेली जागा त्याच पावसात गवतानं भरा. उघडी ठेवलीत तर रानतुळस, गाजर गवत आणि तरोटा तुमच्या आधी पोचतात.

गवत हे पीक समजून वाढवा

कुरण म्हणजे झाडं नसलेलं वाया गेलेलं रान, ही समजूत खोडून काढावी लागेल, कधी वरिष्ठांच्याही मनातून. सांबर, चितळ आणि गवा गवतावर जगतात, आणि त्यांच्यावर वाघ. मारवेल, पवन्या, शेडा, तिखाडी, कुसळी यांतलं कुठलं गवत कुठं हवं, हे जमिनीवर ठरतं. खोल काळ्या मातीत मारवेल बसतं. मुरमाड उतारावर शेडा आणि कुसळी टिकतात. कुसळी लवकर पसरते पण पिकल्यावर तिची कुसळं जनावराच्या तोंडाला टोचतात, म्हणून एकट्या तिच्यावर भरवसा ठेवू नये.

बी जवळच्या राखलेल्या कुरणातून घ्या. वेगवेगळी गवतं ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात वेगवेगळ्या वेळी पिकतात. गावातल्या बायकांना ती ओळखता येतात आणि ही मजुरी त्यांनाच मिळावी. बी सावलीत वाळवा, ताडपत्रीवर झटका, गोणपाटाच्या पोत्यात कोरड्या जागी ठेवा, आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर पेरा. मारवेलसारखी गवतं ठोंब लावूनही बसतात. रोपवाटिकेत वाफे करा आणि जुलैत ठोंब शेतात न्या. पहिले दोन पावसाळे त्या तुकड्यावर गुरं आणि वर्दळ दोन्ही बंद.

बफर क्षेत्रात किंवा गावाच्या सामूहिक वनात उभं राहिलेलं गवत गावाला कापून नेऊ द्या. चाऱ्याची सोय झाली की गुरं आत सोडायचं कारण कमी होतं. गुरांची संख्या कमी करण्याचा उपदेश करण्याआधी गावात पशुवैद्य नियमित आणा. लाळ्या-खुरकुताची लस वेळेवर मिळाली की लोक खात्रीच्या थोड्या गुरांवर भागवायला तयार होतात. ज्याची चार गुरं दरवर्षी मरतात तो आठ पाळतो.

वणवा आणि मोह

महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरला जातो. जाळरेषा, म्हणजे आग अडवण्यासाठी मोकळे केलेले पट्टे, त्याआधी काढून झाल्या पाहिजेत. पण जाळरेषेपेक्षा महत्त्वाचं आहे आग का लागते ते समजणं. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे गळतात. खाली पाचोळा असला तर फूल दिसत नाही, म्हणून पाचोळा पेटवला जातो आणि तीच आग डोंगर चढते. यावर दंडाची पाटी चालत नाही. मोह फुलायच्या आठवडाभर आधी झाडाखालचा पाचोळा झाडून घेण्यासाठी मजुरी द्या, किंवा झाडाखाली पसरायला जाळी द्या. जाळीवर पडलेलं फूल स्वच्छ राहतं आणि त्याला भावही बरा मिळतो. मग आग न लावणं हा लोकांच्याच फायद्याचा सौदा ठरतो.

ज्या गावाच्या हद्दीत त्या हंगामात आग लागली नाही, त्या गावाला वर्षाअखेरीस सामूहिक कामासाठी ठरावीक रक्कम द्या, आणि ती रक्कम ग्रामसभेनं खर्च करावी. आगरक्षक गावातलेच निवडा.

पाणी आणि शेवटी झाड

पाण्याची कामं करताना हात आखडता घ्या. ओहोळात दगडी बांध घालून वेग कमी करणं बहुतेक वेळा पुरतं. गवत आणि मुळं धरून ठेवलेल्या उतारावर सलग समतल चर खणू नका. खणलेली माती पहिल्या पावसात खाली जाते. कृत्रिम पाणवठ्यांची दाटी केली की प्राणी एका जागी गोळा होतात, भोवतीचं गवत तुडवलं जातं आणि रोगही पसरतात. नैसर्गिक डोह मे महिन्यात किती उरतात, हे पाहून मगच नवा पाणवठा ठरवा.

झाडं लावायची तर जिथं मातृवृक्ष उरले नाहीत तिथंच, नाल्याकाठी, आणि फळ देणारी: उंबर, मोह, चारोळी, जांभूळ. रोपं जवळच्या बियांपासून करा. कुरणात झाड लावू नका, मग लक्ष्य कितीही लाखांचं येवो. आणि जुनी, पोकळ, वाळलेली झाडं तोडू देऊ नका. रानपिंगळा हा पक्षी नामशेष झाला असं मानलं जात होतं. शेवटच्या नोंदीनंतर ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये, तो आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडला, आणि आज मेळघाट हा त्याचा मोठा आसरा आहे. तो जुन्या झाडांच्या ढोलीत घरटं करतो.

वर्षाचं वेळापत्रक

• जानेवारी–फेब्रुवारी: जाळरेषा, आगरक्षकांची नेमणूक, थकलेली मजुरी होळीआधी चुकती करणं.
• मार्च–एप्रिल: मोहाखालचा पाचोळा झाडणं, जाळ्या वाटणं, वणव्याची राखण.
• मे: पाण्याची फेरी, डोहांची नोंद, पुढच्या कामांवर ग्रामसभा.
• जून–जुलै: गवताची पेरणी, ठोंब, नाल्याकाठची रोपं.
• ऑगस्ट–सप्टेंबर: तरोटा उपटणं, घाणेरी मुळातून काढणं, तणाची फेरी.
• ऑक्टोबर–डिसेंबर: गवताचं बी गोळा करणं, कुरणांची मोजणी, वर्षाचा हिशेब ग्रामसभेसमोर.

मोजणी, पैसा आणि बदली

मोजायचं ते सोपं आणि टिकाऊ असावं. प्रत्येक तुकड्यात एक खांब रोवा. दरवर्षी त्याच आठवड्यात, त्याच खांबाजवळून, त्याच दिशेला फोटो घ्या. खांबाभोवती मीटरभराच्या चौकटीत कुठली गवतं आहेत, तण किती आहे, उघडी माती किती आहे ते लिहा. गावातले दोन तरुण आणि दोन तरुणी हे शिकले की तुमची गरज उरत नाही. बुद्धपौर्णिमेच्या मचाणावरून वाघ दिसला की बातमी होते, पण तुमच्या कामाचं खरं मोजमाप त्या चौकटीतल्या मारवेलीत आहे. त्याच वहीत दुसरं पान लोकांचं ठेवा: किती मजुरी वाटली, किती दिवस उशिरा, पीक-नुकसानीचे किती पंचनामे झाले, किती भरपाई मिळाली, किती तक्रारी मिटल्या. हे पान कोरं असलं तर पहिल्या पानावर विश्वास ठेवू नका.

पैसा एकाच हातून घेऊ नका. व्याघ्र प्रतिष्ठान, रोजगार हमी, डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना, गावाचं स्वतःचं उत्पन्न आणि एखादी देणगीदार संस्था, असे चार-पाच झरे असावेत. एखादा आटला तरी तणाचं काम थांबता कामा नये.

आणि बदलीची तयारी पहिल्या दिवसापासून करा. अधिकारी तीन वर्षांनी जातो, संस्थेचा प्रकल्प पाच वर्षांनी संपतो. कुरण उभं राहायला मात्र दहा वर्षं लागतात. म्हणून प्रत्येक निर्णयाची प्रत ग्रामसभेत, प्रत्येक नकाशाची प्रत शाळेत आणि बियाण्याची कोठी गावात असावी. नवा अधिकारी येईल त्या दिवशी त्याला ऑफिसात बसवून सादरीकरण दाखवू नका. गावातल्या चौघांनी त्याला खांबांपर्यंत चालत न्यावं आणि वही त्याच्या हातात द्यावी. ते चौघे कोण, हे आज तुम्हाला नावानिशी सांगता येत नसेल तर पुढच्या रोपांची ऑर्डर थांबवा आणि आधी त्यांना शोधा.